रागावेन, पण उठव

आमच्या घराण्यात नोकरी निवडायची पद्धत नव्हती. नोकरी लागायची. ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते, तशीच नोकरी लागते, अशी आमची समजूत. वडिलांना लागली, काकांना लागली, आणि १९७८ साली पोस्टमन एक तपकिरी पाकीट टाकून गेला तेव्हा मलाही लागली. पेढे वाटून झाल्यावर आईनं विचारलं, "पण तिथं करायचं काय असतं?" वडील म्हणाले, "ते कळेल हळूहळू. पेन्शन आहे ना?"

अशा माणसाकडे गेल्या दिवाळीत भाची सल्ला मागायला आली. खरं म्हणजे ती आली होती चकल्या खायला. सल्ला मी आपण होऊन दिला. आमची चिमी चार वर्षं शिकून नर्स झाली, कौन्सिलमध्ये नाव नोंदवून झालं, आणि तिला एकदम चार ठिकाणांहून बोलावणं आलं. चार! आमच्या वेळी चार ठिकाणांहून फक्त नकार येत असत.

मग काय, फराळाची ताटं बाजूला सारून घरात परिषद बसली. ताईचा, म्हणजे चिमीच्या आईचा, प्रश्न एकच : घरापासून किती लांब? भावोजींचा प्रश्न : हातात किती पडणार? सौ.नं विचारलं, रात्रपाळीला न्यायला-सोडायला गाडी आहे का? प्रश्न शहाणपणाचा असल्यामुळे तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. माझं मत मात्र आधीच ठरलं होतं. चारांपैकी एका मोठ्या रुग्णालयाचा फोटो मी पाहिला होता. दारात कारंजं, आत संगमरवर, जिन्याशी कुंड्या. तिथं नुसतं आजारी पडावंसं वाटावं! भाची तिथं आहे असं फिरायला जाताना चारचौघांत सांगता आलं असतं. नोकरी तिनं करायची होती, पण सांगायची तर मलाच होती ना!

एवढ्यात शेजारचे अण्णा आले. आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली तरी अण्णा चौकशीला येतात. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणि अण्णांनी खुर्ची ओढली की समजावं, आता इतिहास सुरू.

"पगार, कारंजं, गाडी! अहो, ही सेवा आहे, सेवा! सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. नाइटिंगेलबाई हातात दिवा घेऊन रात्र रात्र फिरल्या. आणि तुम्ही बसलाय भत्ते मोजत! चिमे, जिथं नर्स मिळत नाही तिथं जा!"

तशीही एक जागा त्या चारांत होती. दूर तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं.

आम्ही सगळे गप्प झालो. त्यागाच्या गोष्टीपुढे माणूस गप्पच होतो, विशेषतः त्याग दुसऱ्यानं करायचा असला म्हणजे. अण्णांनी स्वतः बँकेतलं प्रमोशन नाकारलं होतं, कारण त्याबरोबर गडचिरोलीची बदली येत होती. मला हसायचं कारण नाही. माझीही एकदा आडगावी बदली झाली तेव्हा मी कंबरदुखीचं सर्टिफिकेट जोडून ती रद्द करून घेतली होती. ती कंबर आजतागायत ठणठणीत आहे.

चिमीनं चकली संपवली आणि म्हणाली, "अण्णा, नाइटिंगेलबाईंची पहिली नोकरी माहितीये? दिव्याच्या आधीची?"

अण्णांना दिव्याच्या आधीचं काही माहीत नव्हतं.

"१८५३ साली. लंडनमध्ये, आजारी स्त्रियांसाठी एक छोटी संस्था होती तिथं. पगार शून्य. वडील त्यांना वर्षाला ५०० पौंड देत होते." भावोजींना इथं ठसका लागला. "आणि तिथं काय मागितलं त्यांनी? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ आणि जेवण वर न्यायला लिफ्ट. नर्सचा दिवस जिने चढण्यात जाऊ नये म्हणून. क्रिमियाचं युद्ध, तो दिवा, ते सगळं नंतर. आधी गरम पाणी."

मग तिनं सांगितलं, की तिनंही चारी ठिकाणी दोन प्रश्न विचारले होते. नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट? आणि मला काही अडलं, तर विचारायला कोण? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबानं साध्या वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिनामागे एक. कागदावर.

कारंज्याच्या रुग्णालयात उत्तर मिळालं, "आम्ही सगळे एक कुटुंब आहोत." कुटुंबात माणसं किती, हा आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही. दुसरं, एका गल्लीतलं नर्सिंग होम. तिथले डॉक्टर म्हणाले, "अडायचंच कशाला? चार वर्षं काय केलंस मग?" आणि मूळ सर्टिफिकेटं दोन वर्षांसाठी त्यांच्या कपाटात ठेवायची होती. तालुक्याचे साहेब माणूस खरे होते. म्हणाले, "रात्री तू एकटीच. अडलं तर डॉक्टरांना फोन करायचा. रेंज असली तर."

चौथं एका जुन्या ट्रस्टचं रुग्णालय. रंग उडालेला, पगार बेताचा. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनं चिमीकडे चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं, "पहिले तीन महिने नाइटला तुझ्याबरोबर एक जुनी सिस्टर असेल. तिलाही कळलं नाही तर मी मागं क्वार्टर्समध्ये राहते. मला उठव. रागावेन, पण उठव."

"मी तिथं जाणार आहे," चिमी म्हणाली.

"एवढ्यासाठी?" मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढून कारंजं हलत नव्हतं.

"मामा, तुम्ही इन्शुलिन घेता ना? बाटली किती युनिटची?"

मला वाटलं होतं, बाटली ही बाटलीची असते. तिनं समजावून सांगितलं. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १००. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. बाटली १०० ची आणि सिरिंज ४० ची अशी जोडी जमली, तर वीसच्या रेघेपर्यंत भरलं तरी अंगात जातात पन्नास.

"हे पुस्तकात आहे, मी पाठ केलंय. पण पहाटे पाच वाजता, वीस पेशंट असताना, हातातल्या बाटलीवरचं अक्षर पुसट असलं तर? तेव्हा 'मला खात्री नाही' असं म्हणता आलं पाहिजे. आणि ते कुणाला तरी म्हणता आलं पाहिजे."

मी यावर काही बोललो नाही, कारण मला एक फाईल आठवली. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात हेडक्लार्कनं विचारलं होतं, "कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण करता येतं ना?" त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी "हो" म्हणालो. येत नव्हतं. मी ते चुकीचं केलं, चुकलंय हे कळल्यावर इतर फायलींखाली ठेवलं, आणि एक विधवा बाई चार वेळा हेलपाटे घालून गेली तरी "प्रक्रिया चालू आहे" असं सांगत राहिलो. पाच महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी ते सरळ केलं. तसा मी खोटारडा नाही हो. भाजीवाल्यानं चुकून जास्त दिलेले पैसे परत करतो. पण खरं बोलायला नुसता स्वभाव पुरत नाही, समोर ऐकून घेणारा माणूस लागतो. माझ्या त्या खुर्चीसमोर तो नव्हता. हे मी माझ्या बचावासाठी सांगतोय हे मला कळतं. बाईंचे हेलपाटे त्यानं कमी होत नाहीत. पण फाईल निदान पुन्हा उघडता येते. पेशंटचं तसं नसतं.

अण्णा मात्र सहज सोडणारे नव्हेत. या वेळी त्यांनी खुर्ची ओढली नाही, हळू आवाजात विचारलं, "सगळ्याच हुशार मुली असं म्हणाल्या, तर त्या तीस खाटांवरच्या माणसांनी काय करायचं?"

खरं सांगतो, संध्याकाळभरात अण्णांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. आधीचं सगळं भाषण होतं.

चिमी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचंच वाईट वाटतं. पण अण्णा, तिथं दोघी पाठवायला हव्यात. एक जुनी, एक नवी. नवशिकीला एकटीला पाठवायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, यात पाठवणाऱ्याची सोय होते. पेशंटला नुसती नर्स नको असते, येणारी नर्स हवी असते. मी दोन वर्षांनी जाईन. जुनी म्हणून."

दोन वर्षांनी! हे शब्द माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. मीसुद्धा कंबरदुखीच्या अर्जात 'तूर्त' असं लिहिलं होतं. चिमीचं बोलणं खरं की सोयीचं, हे त्या दिवशी ठरण्यासारखं नव्हतं. बहुधा तिलाही ते दोन वर्षांनीच कळेल. सौ.नं मात्र कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तारीख लिहून ठेवली. आमच्या घरात दुधाचे खाडे विसरले जात नाहीत.

महिनाभरानं चिमीचा फोन आला. आवाज असा, की वाटावं बक्षीस मिळालंय.

"मामा, मी काल त्यांना उठवलं!"

ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलेला पेशंट, आणि कागदावर सकाळचं इन्शुलिन तसंच लिहिलेलं. उपाशी माणसाला द्यायचं की थांबवायचं? जुनी सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. चिमीनं पहाटे पाचला क्वार्टर्सचं दार वाजवलं.

"मग?"

"एवढंही कळत नाही का म्हणून रागावल्या. मग चप्पल घालून माझ्याबरोबर आल्या, डॉक्टरांना फोन लावला. डोस थांबवला."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी बाटली आणि सिरिंज घेऊन स्वयंपाकघरात जातो आणि सौ.ला विचारतो, "टोपण लालच आहे ना गं?" पोळी तव्यावर असते. ती रागावते. पण बघून सांगते.