मुदतीआधीचे मरण
घाटकोपरच्या कामराज नगरात ज्यांचे आई-वडील राहत, ते मुरली नाईक डिसेंबर २०२२ मध्ये अग्निवीर म्हणून भरती झाले. चार वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये भरायची होती. ९ मे २०२५ रोजी, ऑपरेशन सिंदूरच्या धामधुमीत, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी माऱ्यात ते शहीद झाले. नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते तसे कुटुंब निवृत्तिवेतन आपल्यालाही मिळावे, म्हणून त्यांच्या आईने त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. अग्निवीर भरतीच्या अग्निपथ योजनेवरची आपली चर्चा बहुतेक वेळा ‘चार वर्षे पुरतात का’ याभोवतीच फिरते. ही याचिका वेगळाच मुद्दा पुढे आणते: नोकरी किती वर्षांची, यावरून मरणानंतरचे हक्क ठरावेत का?

मुदत कमी करण्यात मुळात काही गैर नाही. १९७६ पासून शिपायाची सेवा साधारण सतरा वर्षांची होती. ती सात ते दहा वर्षांवर आणावी, असे के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल समितीनेच सुचवले होते. डोंगरमाथ्यावर लढायला तरणी पोरे लागतात, हे कुणीही मान्य करील. (समितीला त्यानंतर जवान निमलष्करी दलांत घ्यायचे होते, अग्निपथसारखे चौघांतल्या तिघांना घरी धाडायचे नव्हते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.) दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना वैध ठरवली, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. तेव्हा मुदतीचा अधिकार सरकारचा, हे धरून चालू.

पण नियमित जवान भरतीनंतर वर्षभरात लढाईत पडला, तरी त्याच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतन अडत नाही. किती वर्षे भरली, हे तिथे कुणी विचारत नाही. साध्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही पाच वर्षांची अट मृत्यू झाला की गळून पडते. मुलुंड-अंधेरीच्या कारखान्यातल्या कामगाराला जे तत्त्व लागू, ते सीमेवरच्या शिपायाला का नसावे? यावर म्हणतात, अटी वाचूनच त्याने सही केली. केली, पण चार वर्षे सेवा करण्याच्या करारावर. शत्रूच्या तोफगोळ्याला शेजारच्या नियमित जवानाची आणि त्याची मुदत वेगळी आहे हे ठाऊक नसते. दुसरा आक्षेप पैशाचा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण निवृत्तिवेतनासाठी १,१९,६९६ कोटी रुपये होते, हे ओझे खरेच. परंतु ते प्रामुख्याने दीर्घ सेवा करून निवृत्त झालेल्यांचे आहे. लढाईत पडलेल्या अग्निवीरांच्या घरांना निवृत्तिवेतन दिल्याने त्यात किती भर पडणार? तिसरा आक्षेप जास्त वजनदार: ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान मिळतेच की. मिळते, आणि ती रक्कम लहान नाही. मात्र निवृत्तिवेतन महागाई भत्त्यासोबत वाढत जाते, एकरकमी पैसा हळूहळू आटतो. शिवाय योजनेत उरलेल्या मुदतीचा पगारही देतात. नाईक यांच्या बाबतीत ही मुदत सुमारे एकोणीस महिन्यांची. जणू डिसेंबर २०२६ नंतर हा मुलगा घरी एक पैसाही आणणार नव्हता.