खोटा होकार

घरी पावरी, शाळेत मराठी. धडगावला बारावीत पुस्तक इंग्रजी होतं, पण सर मराठीत समजवायचे. नंदुरबारला बीएस्सीला आलो आणि समजावणंही इंग्रजीत सुरू झालं. "अंडरस्टूड?" विचारलं की मी मान डोलवायचो. त्यात कुणाचं काय जातंय, असं वाटायचं.

एकदा मागच्या बाकावरचा मित्र म्हणाला, "तुला समजलं असेल, म्हणून मीपण गप्प बसलो."

प्रॅक्टिकलमध्ये न घेतलेलं रीडिंग वहीत लिहिलं तर ती लबाडी. मग न समजलेलं 'समजलं' म्हणणं वेगळं कसं? भाषा बदलली, हा माझा दोष नव्हता. होकार मात्र माझाच होता, आणि तो त्यालाही भोवला.

दुसऱ्या दिवशी हात वर केला. प्रश्न मराठीतच विचारला.