पुढची पिढी कोणाची?

उत्तर ध्रुवापासून साधारण तेराशे किलोमीटरवर, स्वालबार्ड बेटांवरच्या एका डोंगराच्या पोटात आपली ज्वारी ठेवलेली आहे. बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूगही. हैदराबादजवळच्या पटांचेरूमधल्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेनं पाठवलेले हे वाण उणे १८ अंशांत, पाकिटांत बंद पडून आहेत. जागा नॉर्वेची, बांधकामाचा खर्चही नॉर्वेचा. बियाणं मात्र ज्याचं त्याचं. ठेवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी पाकिटाला हात लावायचा नाही, असा करार. २००८ साली हे कोठार सुरू झालं, तेव्हा गोठलेल्या जमिनीवर सगळ्यांचा भरवसा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथं बर्फाऐवजी पाऊस पडला आणि पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरलं. बियाण्यापर्यंत ते पोचलं नाही, वाटेतच गोठलं. नॉर्वेनं निमूटपणे पुन्हा खर्च केला आणि बोगद्याचं तोंड नव्यानं, पाणी शिरणार नाही असं बांधून काढलं.

नॉर्वेबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक भक्तीचा: काय तो देश, काय ती शिस्त. दुसरा ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’चा: स्वतः तेल विकायचं आणि जगाला झाडं लावायला सांगायचं. दोन्ही सुरांत विचार करायचे कष्ट वाचतात. मला त्या देशाकडे बघावंसं वाटतं ते वेगळ्या कारणानं. ‘शाश्वत विकास’ हा शब्द आज आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत पोचला आहे. त्याचा गाभा ठरवणाऱ्या आयोगाच्या अध्यक्ष नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड होत्या. व्यवसायानं डॉक्टर, आधी पर्यावरणमंत्री, मग पंतप्रधान. संयुक्त राष्ट्रांनी १९८३ मध्ये नेमलेल्या त्यांच्या आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये आला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, आजच्यांनी पोटभर जेवावं, पण उद्या पंगतीला बसणाऱ्यांचं पान ओढून नव्हे. वाद घालायला जागा उरते ती या ‘उद्या बसणाऱ्यां’पाशी. ते कोण?

पैशापुरतं उत्तर नॉर्वेनं दिलं आहे आणि ते थक्क करणारं आहे. १९६९ च्या डिसेंबरात उत्तर समुद्रात एकोफिस्कचा साठा हाती लागला. त्याच्या दीडेक वर्ष आधी फारुक अल्-कासिम हा बसऱ्याचा भूवैज्ञानिक ऑस्लोच्या स्थानकावर उतरला होता. आजारी मुलाच्या उपचारांसाठी तो नॉर्वेजियन पत्नीच्या गावी निघाला होता. पुढच्या गाडीला काही तास अवकाश होता, म्हणून तो उद्योग मंत्रालयात गेला आणि इथे कोणत्या तेल कंपन्या काम करतात त्यांची यादी मिळेल का, असं विचारलं. नोकरी शोधायला आलेल्या या माणसाला मंत्रालयानंच ठेवून घेतलं, कारण तेलातलं एवढं कळणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतं. इराकमध्ये तेलाचं काय होतं ते त्यानं आतून पाहिलेलं होतं. पुढे नॉर्वेनं जी घडी बसवली तीत त्याचा मोठा हात होता. कंपन्यांच्या नफ्यावर सरकार शंभरातले ७८ घेतं. १९९० च्या कायद्यानं तेलनिधी उभा राहिला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. २००१ मध्ये ठरलं की वर्षाला निधीच्या ४ टक्क्यांच्या आसपासच खर्च करायचा. २०१७ मध्ये ते प्रमाण ३ टक्क्यांवर आणलं. मुद्दलाला हात लावायचा नाही. आज हा निधी २० लाख कोटी क्रोनरच्या पुढे गेला आहे आणि जगातल्या नोंदणीकृत कंपन्यांच्या शेअरांपैकी सुमारे दीड टक्का त्याच्याकडे आहे. देशाची वस्ती छप्पन्न लाखांच्या आसपास.

खाणीतून निघालेलं परत येत नाही, म्हणून त्याचा पैसा कमाई नव्हे, वारसा आहे, ही समज आपल्याकडे कोणाला नाही असं नाही. गोव्याच्या लोहखनिजावरून ‘गोवा फाउंडेशन’नं हाच मुद्दा लावून धरला आणि २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं. तेव्हा नॉर्वेचं नाव आदरानं घ्यायला माझी हरकत नाही.

विजेच्या गाड्यांबद्दलही थोडक्यात. १९९० च्या सुमारास ‘आ-हा’ या बँडचा गायक मॉर्टन हार्केट आणि पर्यावरण कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे एक फियाट पांडा विजेवर चालवत ऑस्लोच्या टोलनाक्यांवरून पैसे न भरता जायचे. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली. दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, मग त्यांनीच ती स्वस्तात सोडवून आणली आणि पुन्हा टोल चुकवायला निघाले. पुढे सरकारनं करही माफ केले आणि टोलही. २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि वीज बहुतेक सगळी धबधब्यांची. असा टोलचा सत्याग्रह आपल्याकडे कोणा गायकानं करून पाहावा.

आता धुराकडे येऊ. नॉर्वेच्या हद्दीत वर्षाला साडेचार कोटी टनांच्या आसपास हरितगृह वायू बाहेर पडतात. तिथून निर्यात झालेलं तेल आणि वायू जिथे जळतात तिथला धूर याच्या सुमारे दहापट. पॅरिस कराराच्या वहीत मात्र धूर जिथे निघाला त्या देशाच्या नावावर पडतो. या वहीनं काय घडतं ते योहान स्वेरड्रुप या तेलक्षेत्रावर बघावं. २०१९ मध्ये सुरू झालेलं हे क्षेत्र युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. पूर्वी समुद्रातले तेलाचे फलाट चालवायला तिथलाच वायू जाळत. इथे किनाऱ्यावरून समुद्राखालून केबल टाकून जलविद्युत नेली आहे. त्यामुळे तेल काढताना होणारा धूर जवळपास संपला आणि नॉर्वेच्या खात्यात पडले असते ते टन खरोखर टळले. तेल मात्र जळायचं तिथे जळतंच, आणि जिथे फलाटावर जळणारा वायू वाचतो तिथे तोही विकता येतो. कोणी खोटं बोललेलं नाही. वही तपासायला बसा, एक आकडा चुकलेला सापडणार नाही.

सरकारचं म्हणणं असं की मागणी आहे तोवर कोणीतरी विकणारच. आमचं तेल निदान कमी धुरात निघतं, आमचा वायू कोळशाला बाजूला सारतो. २०२२ नंतर रशियाचा वायू आटला तेव्हा युरोपची थंडी नॉर्वेच्या वायूनं निभावली, हेही खरं. या युक्तिवादाला मी उडवून लावणार नाही. पण ‘मी नाही विकली तर शेजारचा विकेल’ हे दारूच्या दुकानदाराचं म्हणणं प्रत्येक विकणाऱ्याला सारखंच लागू पडतं. रियाध तेच म्हणेल, धनबादही तेच म्हणेल.

हद्दीबाहेरचे टन आपल्याला मोजता येत नाहीत, असं म्हणायला नॉर्वेला तर अजिबात जागा नाही. २००७ च्या डिसेंबरात बाली परिषदेत पंतप्रधान येन्स स्टोल्टनबर्ग यांनी उष्ण कटिबंधातली जंगलं राखण्यासाठी वर्षाला ३ अब्ज क्रोनरपर्यंत देण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या अॅमेझॉन निधीला १ अब्ज डॉलरपर्यंतचं वचन दिलं. त्याची रीत मला फार आवडते. आधी जंगलतोड कमी करून दाखवा, किती टन वाचले ते काढू, टनामागे ५ डॉलर घ्या. या टनांवर नॉर्वेचा काही हक्क नाही, ते त्याच्या खात्यात वजा होत नाहीत. म्हणजे निव्वळ देणं. २०१९ मध्ये बोल्सोनारो सरकारनं निधीच्या समित्या मोडल्या तेव्हा नॉर्वेनं पैसे थांबवले. ‘देवमासे मारणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये’ अशा अर्थाचा टोमणा ऐकला. २०२३ मध्ये लुला अध्यक्षपदी परतल्यावर निधी पुन्हा उघडला. हजारो कोसांवरच्या झाडात किती कार्बन आहे हे ज्याला कळतं, त्याला आपण भरून पाठवलेल्या पिंपात किती आहे हे कळत नाही, असं कसं म्हणायचं?

त्याच ब्राझीलमध्ये बेलेंजवळ बार्कारेना इथे ‘हायड्रो’ या कंपनीचा अॅल्युमिना शुद्धीकरणाचा प्रचंड कारखाना आहे. कंपनीत नॉर्वे सरकारचा हिस्सा ३४ टक्क्यांहून थोडा अधिक. फेब्रुवारी २०१८ च्या मुसळधार पावसानंतर परवानगी नसलेल्या मार्गानं प्रक्रिया न केलेलं पाणी नदीत सोडल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. प्रमुखांनी माफी मागितली. एका हातानं जंगलासाठी पैसे देणारं सरकार आणि दुसऱ्या हातानं कारखान्यात भागीदार असणारं सरकार, एकच.

आपल्याशी थेट जोडलेला एक धागा आहे. तेलनिधी कुठे पैसे गुंतवणार नाही याचे नैतिक नियम २००४ मध्ये ठरले. २०१७ मध्ये निधीनं भारत हेवी इलेक्ट्रिकल्सला, म्हणजे आपल्या ‘भेल’ला, वगळलं. कारण होतं बांगलादेशात सुंदरबनाच्या कडेला उभं राहणारं रामपालचं कोळशाचं वीजकेंद्र. निर्णय योग्य होता असंच मला वाटतं. त्या खारफुटीच्या तोंडाशी कोळशाच्या बोटी नेणं शहाणपणाचं नव्हतं. तरी सुंदरबनातली बेटं आज खचताहेत ती केवळ रामपालमुळे नव्हे. समुद्र चढतो आहे, आणि तो चढवणाऱ्या धुरात या निधीला पोसणाऱ्या तेलाचाही वाटा आहे. तिथल्या मासेमाराची नात हीसुद्धा पुढची पिढीच. तिच्या नावानं मुद्दल कोणी राखून ठेवलेलं नाही.

टाळ्या पिटण्याआधी हा हिशेब आपणही स्वतःला लावून पाहावा. गोव्याचं खनिज वर्षानुवर्षं जपान आणि चीनच्या भट्ट्यांत गेलं. तो धूर आपण कधी आपला मानला? आपल्या भांडणात नद्या, शेतं, गाळ आला. भट्टी कोणाच्या मनातही आली नाही.

आणि पुढच्या पिढीची व्याख्या हद्दीच्या आतही आखडते. फेब्रुवारी १९८१ मध्ये ब्रुंटलँड पंतप्रधान होऊन दोन-चार दिवस झाले असतील, तोच सामी या तिथल्या आदिवासी समाजातल्या चौदा बायका त्यांच्या कार्यालयात जाऊन बसल्या. उत्तरेत अल्टा नदीवर धरण होणार होतं, रेनडियरच्या वाटा मोडणार होत्या. मुळशी आणि नर्मदा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. धरण झालं. वीजकेंद्र सुरू झालं ते १९८७ मध्ये, ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आला त्याच वर्षी. आंदोलन मात्र वाया गेलं नाही. १९८९ मध्ये सामी संसद उघडली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं म्हटलं की फोसेन द्वीपकल्पावरच्या पवनचक्क्यांचे परवाने सामींच्या हक्कांचा भंग करतात. १५१ चक्क्या. निकालानंतर पाचशे दिवस उलटले तरी त्या फिरतच होत्या, तेव्हा सामी तरुणांनी मंत्रालयाच्या दारात ठाण मांडलं. शेवटी नुकसानभरपाईच्या तडजोडी झाल्या. चक्क्या आहेत तिथेच आहेत.

धुराचं भांडणही न्यायालयातच गेलं आहे. नॉर्वेच्या घटनेचं ११२ वं कलम पुढच्या पिढ्यांसाठी निसर्ग राखण्याचा हक्क देतं. त्याच्या आधारे आर्क्टिकमधल्या नव्या तेलपरवान्यांना आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ११ विरुद्ध ४ मतांनी फेटाळलं. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयानं तीन तेलक्षेत्रांच्या मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या, कारण तिथलं तेल जळल्यावर होणाऱ्या धुराचा अभ्यासच केला नव्हता. अपील झालं, काम चालू राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं आर्क्टिकच्या प्रकरणात नॉर्वेनं हक्कभंग केला नाही असाच निकाल दिला. पण त्यातच हेही म्हटलं की तेल काढायला परवानगी देण्याआधी ते जळल्यावर निघणारा धूर, देशात आणि देशाबाहेर, मोजलाच पाहिजे.

म्हणजे वहीत एक नवा रकाना आला. यापुढे मंत्रालयाच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक मंजुरीच्या कागदावर तो भरलेला असेल, टनांत, अगदी दशांश चिन्हापर्यंत. तो वाचून मंत्र्यानं सही करायची की नाही, हे मात्र न्यायालयानं सांगितलेलं नाही.