पात

परिक्रमेला निघालेल्याने नर्मदा ओलांडायची नसते. ती कायम उजव्या हाताला ठेवायची, उगमाला वळसा घालायचा आणि जिथून निघालो तिथं परत यायचं. मुखाशी मात्र नावेतून पलीकडे जायचं, कारण तिथं नदी सरून समुद्र लागलेला असतो. ओंकारेश्वरला हे ऐकलं तेव्हा सोपं वाटलं. अवघड जातं ते आम्हा खंड परिक्रमावाल्यांना. वर्षाला पंधरा-वीस दिवस चालायचं, घरी यायचं, पुढल्या वर्षी सोडलं तिथून पुन्हा धरायचं.

लोणी भापकरच्या माणसाला नदीचं एवढं वेड कशानं, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर गावातच आहे. मल्लिकार्जुनाच्या देवळापाशी देखणी पुष्करणी आहे, पण रान जिरायती. कऱ्हा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. वाहतं पाणी बघत चालावं, एवढंच आधी मनात होतं. पुण्य वगैरे नंतर चिकटलं.

नर्मदा 1312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले की अडीच हजारांच्या वर. परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. धारा काढणाऱ्या माणसाला हे कुठून जमणार? पण जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगडही 1977 पासून टप्प्याटप्प्यानेच चालले होते. आणि चातुर्मासात तर सलग परिक्रमा करणारेही एका जागी थांबतात. म्हणजे थांबण्यात खोट नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मी निघायचो मार्गशीर्ष सरताना. ज्वारीची कोळपणी उरकलेली असते, काढणी माघात. मधे राहते ती पाखरांची राखण आणि दोन गाई. ते दादा-वहिनी बघायचे.

तीन वर्षं दक्षिण काठानं गेलो. शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेलीय, तिथं डोंगरातून जावं लागलं. काठावरच्या बायाबापड्यांनी भाकरी दिली, स्वतःच्या ताटातली असावी अशी. चौथ्या वर्षी कठपोरहून भरती बघून नाव सुटली, पलीकडे मिठीतलाईला उतरलो आणि भरूचला पोचलो. दिवस संपले. आता घरी जायचं तर गाडी अंकलेश्वरच्या पुलावरून. म्हणजे नदी आडवी आलीच.

पुलावर गाडी धडधडायला लागली तसे मी डोळे मिटून घेतले. कोणासाठी मिटले कोण जाणे, नदीला तर मी दिसतच असणार. दौंडपर्यंत डोक्यात तेच. आपली परिक्रमा मोडली का? चार वर्षांचं चालणं वाया गेलं का?

घरी आलो तर वहिनींचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मी गेल्यावर आठव्या दिवशी राखणीच्या माळ्यावरून पडल्या होत्या. शेजारणी येऊन धारा काढत होत्या.

"फोन का नाही केला?"

"परिक्रमेतल्या माणसाला माघारी बोलवू नये म्हणत्यात, भावजी."

"पण हात मोडला ना!"

"तुमची पात होती, मी धरली. त्यात काय एवढं."

खुरपणीला बायका ओळीनं बसतात, प्रत्येकीची एक पात. एखादी लेकराला पाजायला उठली तर शेजारीण तिचीही पात आपल्याबरोबर ओढत नेते. ती परत आली की पुढेच बसते, मागं तण राहिलेलं नसतं. रोजही पुरा मिळतो. मात्र दुसऱ्या दिवशी शेजारणीचं पोर रडलं की तिची पात हिनं ओढायची. हे कुणी कुणाला सांगत नाही. ज्या बाईच्या हे ध्यानात येत नाही तिच्या शेजारी पुन्हा कुणी बसत नाही.

मी पुलावर डोळे मिटून जे सलग ठेवू बघत होतो, ते इथं वहिनी सलग ठेवत होत्या. चार वर्षांत मी त्यांची पात एकदाही धरली नव्हती. मग ते चालणं कुणाच्या खात्यावर? घरदार सोडलेल्या साधूची गोष्ट निराळी, त्याच्यामागं गाई हंबरत नाहीत. मी मात्र पाठीवर पडशी घेऊन हिंडलो आणि माझं ओझं घरीच ठेवून गेलो. हे कळायला मला मोडका हात बघावा लागला, याची लाज वाटते. नियम मोडला की नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण तो आता पहिल्यासारखा छळत नाही.

यंदा गोफण माझ्याकडे आहे. धाराही मीच काढतो, एक गाय अजून लाथ मारते. भरूचची वाट आहे तिथंच आहे. परवा वहिनींना विचारलं, "यंदा मी इथंच आहे, तुम्हाला कुठं जायचंय का? काशी, ओंकारेश्वर?"

त्यांनी जरा विचार केला.

"माहेरी आठ दिवस," म्हणाल्या. "सलग."