व्हॅनिलाचा गोडवा कोठे असतो?

दोन स्वाद एकमेकांना पूरक आहेत असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती पूरकता नेमकी कशात असते, हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. ती पदार्थांच्या अंगी आधीपासून असते, त्यांच्या मिश्रणात नव्याने उपजते, की खाणाऱ्याच्या मनात असते, या तीन पर्यायांपैकी कोणता ग्राह्य धरावा याचा निर्णय सोपा नाही. भारतीय दर्शनांनी गुण, अवयवी आणि आस्वाद यांची चर्चा करताना या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू तपासल्या आहेत. त्यांच्या उत्तरांची कसोटी घेण्यास व्हॅनिलासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण जगभरच्या गोड पदार्थांत मिसळले जाणारे हे द्रव्य स्वतः मात्र गोड नाही.

व्हॅनिला ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील एका वेलीची, म्हणजे ऑर्किडच्या कुळातील वनस्पतीची, शेंग आहे. ताज्या हिरव्या शेंगेला तो प्रसिद्ध वास जवळजवळ नसतो. शेंगा उष्णतेने मारून, घाम आणवून, उन्हात आणि सावलीत महिनोन्‌महिने सुकवल्या की शर्करेशी बांधलेले एक संयुग विकरांच्या क्रियेने फुटते आणि व्हॅनिलिन मोकळे होते. १८५८ साली हे द्रव्य शेंगेतून शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले. जीभ ज्यांचे ग्रहण करते ते ‘रस’ आणि नाक ज्याचे ग्रहण करते तो ‘गंध’, हा शास्त्रीय भेद येथे लागू केला, तर व्हॅनिलाचे महत्त्व जवळजवळ पूर्णपणे गंधाचे ठरते. साखर न घालता व्हॅनिलाचा अर्क चाखला तर तो कडवट लागतो. घास चावताना तोंडातील वास घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचतो आणि जिभेच्या रसाशी एकजीव होऊन भासतो. या एकत्रित अनुभवाला येथे ‘स्वाद’ म्हटले आहे.

या स्वादाच्या ज्या जोड्या रूढ आहेत त्यांपैकी काहींचे कारण द्रव्यातच सापडते. लवंगेतील युजेनॉल आणि व्हॅनिलिन यांची रासायनिक घडण इतकी जवळची आहे की एके काळी व्हॅनिलिन लवंगेच्या तेलापासूनच तयार केले जात असे. ओकच्या पिंपात मुरलेल्या रममध्ये लाकडातील लिग्निनपासून आलेले व्हॅनिलिन मुळातच असते आणि भाजलेल्या कॉफीतही ते अल्प प्रमाणात आढळते. दूध, साय, लोणी आणि अंडे यांतील स्निग्धांश गंधद्रव्यांना धरून ठेवतो व हळूहळू सोडतो, म्हणून कस्टर्डात व्हॅनिलाचा वास घासाच्या शेवटापर्यंत टिकतो आणि अंड्याचा उग्रपणा झाकला जातो. कोको आणि व्हॅनिला यांची जोडी तर युरोपीय लोक अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीची आहे. अ‍ॅझ्टेकांच्या कोकोच्या पेयात व्हॅनिला घातला जाई आणि त्या पेयाबरोबरच तो युरोपात गेला.

केवळ साधर्म्याने मात्र सर्व जोड्यांचा उलगडा होत नाही. स्ट्रॉबेरी किंवा लिंबू यांच्या आंबटपणाशी व्हॅनिलाचे कोणतेही उघड नाते नसताना तो त्या आंबटपणाची धार बोथट करतो. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात मधुर, अम्ल, लवण, कटू म्हणजे तिखट, तिक्त म्हणजे कडू आणि कषाय म्हणजे तुरट या सहा रसांचे सुटे व एकत्रित मिळून ६३ प्रकार मोजले आहेत. परंतु अशी मोजणी पुरेशी नाही याची जाणीवही त्याच ग्रंथाला आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील विवेचनानुसार संयोग दोन प्रकारचे असतात. ज्यात घटकांच्या गुणांवरून मिश्रणाचा गुण ओळखता येतो तो प्रकृतिसमसमवाय, आणि ज्यात घटक कितीही पारखले तरी मिश्रणाच्या गुणाचे अनुमान होत नाही तो विकृतिविषमसमवाय होय. हळद पिवळी आणि चुना पांढरा असूनही त्यांच्या संयोगातून तांबडे कुंकू होते, हा दुसऱ्या प्रकारचा परिचित दाखला आहे. लवंग आणि व्हॅनिला यांची जोडी पहिल्या प्रकाराकडे झुकते, तर लिंबू आणि व्हॅनिला यांची दुसऱ्याकडे. म्हणून पाककृतींचे ज्ञान केवळ घटकांच्या यादीतून मिळत नाही, ते करून आणि चाखूनच मिळवावे लागते.

मिश्रणात नवा गुण उपजतो असे एकदा मानले की तो कोणत्या द्रव्याचा गुण, असा पुढचा प्रश्न येतो आणि येथे नैयायिकांचे उत्तर चकित करणारे आहे. न्यायमतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी असते. अनेकरंगी वस्त्राला रंगच नाही असे म्हटले तर ते डोळ्यांना दिसणार नाही, या अडचणीमुळे ‘चित्ररूप’ नावाचा स्वतंत्र रंग मानला गेला. रसाच्या बाबतीत मात्र विश्वनाथ पंचाननाने सतराव्या शतकातील न्यायसिद्धान्तमुक्तावलीत तशी तडजोड अनावश्यक ठरवली. जीभ द्रव्याचे ग्रहण करत नाही, फक्त रसाचे करते. त्यामुळे भिन्न रसांच्या अवयवांपासून बनलेल्या वस्तूला स्वतःचा रस नसला तरी काही बिघडत नाही, कारण तेव्हा चाखले जातात ते अवयवांचेच रस. या मताने विविध रसांच्या घटकांपासून बनलेल्या पदार्थाची अशी एक चव नसते. हा युक्तिवाद तर्काला धरून असला तरी अनुभवाशी त्याचा मेळ बसत नाही, कारण साखरेचे प्रमाण तेवढेच ठेवून व्हॅनिला मिसळल्यावर दूध अधिक गोड लागते; गोडी वाढवणारा अवयव तर त्यात एकही वाढलेला नसतो.

ही वाढलेली गोडी कोठून आली, याचे उत्तर न्यायदर्शनातच, पण दुसऱ्या प्रकरणात मिळते. चंदनाचे खोड दुरून पाहताच ते सुगंधी आहे असे जे ज्ञान होते त्यात वास नाकापर्यंत पोहोचलेला नसतो. पूर्वी अनुभवलेल्या गंधाचे ज्ञानच येथे इंद्रिय आणि विषय यांना जोडते, असे नैयायिक म्हणतात आणि त्याला ज्ञानलक्षण प्रत्यक्ष असे नाव देतात. व्हॅनिलाचा वास येताच तो ‘गोड वास’ वाटतो, त्याची घडण हीच आहे. केक, आइसक्रीम आणि कस्टर्ड यांत तो वास साखरेबरोबर वारंवार आल्याने जिभेचा गुण नाकाच्या विषयावर बसतो. वेदान्तपरिभाषेत धर्मराजाध्वरींद्राने या मताला हरकत घेतली आणि चंदनाचा भाग तेवढा प्रत्यक्ष, सुगंधाचा भाग मात्र परोक्ष, असा विभाग केला. चंदनाला हा विभाग शोभतो, पण व्हॅनिला घातलेल्या दुधाला नाही. तेथे पूर्वानुभव शेजारी उभा राहून आठवण करून देत नाही, तर प्रत्यक्ष लागणाऱ्या गोडीचीच मात्रा बदलतो, आणि एवढ्यापुरती नैयायिकांची बाजू अधिक बळकट दिसते.

तरीही तिला एक किंमत मोजावी लागते. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते त्या भ्रमाचे स्पष्टीकरणही नैयायिक याच ज्ञानलक्षण संबंधाने देतात. मग वाढलेली गोडी हाही भ्रमच आणि स्वयंपाकी हा कुशल फसवणूक करणारा, असे का म्हणू नये? याला उत्तर असे की भ्रमाचा बाध होतो. शिंपला हाती घेताच चांदीचे ज्ञान नष्ट होते. व्हॅनिलात साखर नाही हे पक्के ठाऊक असलेल्या माणसालाही दूध अधिक गोडच लागते, आणि जे ज्ञान खरी माहिती मिळाल्यानंतरही टिकते, आणि ज्यावर व्यवहारही सुरळीत चालतात, त्याला शिंपल्यावरील चांदीच्या पंक्तीला बसवणे योग्य नाही.

पूर्वानुभवावर उभी असलेली पूरकता सर्वत्र सारखी नसते, हे ओघानेच आले. महाराष्ट्रात श्रीखंड, पुरणपोळी आणि बासुंदी यांनी गोडाशी वेलदोडा, जायफळ आणि केशर यांची गाठ पिढ्यान्‌पिढ्या घातलेली आहे. व्हॅनिला येथे आइसक्रीम, केक आणि कस्टर्ड पावडर यांच्या मार्गाने बराच उशिरा आला. म्हणूनच व्हॅनिलाच्या केकमध्ये वेलदोड्याची पूड घातली असता या भागातील खाणाऱ्याला दोन वेगळ्या संस्कारांची गोडी एकाच घासात मिळते, तर वेलदोड्याची गोडाशी सवय नसलेल्या खाणाऱ्याला त्याच घासात मसाल्याची तीव्रता प्रथम जाणवू शकते.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाट्यरसाचे विवेचन अन्नाच्या दाखल्याने केले आणि अभिनवगुप्ताने त्याचा अर्थ लावताना पानकाचे, म्हणजे गूळ, मिरी इत्यादींपासून केलेल्या पेयाचे, उदाहरण घेतले. पानकाची चव त्यातील कोणत्याही एका घटकाची नसते आणि ती चाखण्याच्या क्रियेपूर्वी तयार होऊन वाटही पाहत नसते. चर्वणा, म्हणजे आस्वाद घेणे, हेच तिचे अस्तित्व होय. घटक या आस्वादाला कारण होतात, परंतु आस्वाद संपल्यावर मागे उरेल अशी वस्तू ते निर्माण करत नाहीत.

या तिन्ही मतांनी एकेक अंग धरले आहे असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते. चरकाचा संयोगविचार द्रव्याचा वाटा सांगतो, न्यायाचा ज्ञानलक्षण संबंध संस्काराचा, आणि अभिनवगुप्ताची चर्वणा त्या दोहोंना एकत्र आणणाऱ्या क्रियेचा. पूरकता हा व्हॅनिलाचा गुण नव्हे, दुधाचाही नव्हे. ती द्रव्य, संस्कार आणि आस्वाद यांच्यातील संबंध आहे. तरीही ती मनमानी नाही, कारण द्रव्य स्वतःची मर्यादा घालते: अर्काचे थेंब प्रमाणाबाहेर पडले की सर्वांत मुरलेला संस्कारही त्यातील कडवटपणा झाकू शकत नाही. यास्तव ‘व्हॅनिलाबरोबर काय जुळते’ हा प्रश्न कोणासाठी आणि किती प्रमाणात, हे विचारल्याशिवाय अपुरा राहतो, आणि कोणत्याही जोडीचा नियम सांगणाऱ्याने त्या दोन अटीही सांगणे बंधनकारक ठरते.