रिळावरचा क्षण

आजऱ्याजवळ रामतीर्थाला हिरण्यकेशी खडकांवरून कोसळते. नाव एक, पाणी दर क्षणी वेगळे. जगातले सारे असेच क्षणिक आहे असे मानणाऱ्या बौद्ध आचार्यांना नदीचा आणि ज्योतीचा दृष्टान्त फार प्रिय. रात्रभर जळणारा दिवा एकच वाटतो, पण ती ज्योतींची रांग आहे, असे नागसेनाने मिलिंद राजाला पटवले होते. या रांगेला पुढे ‘संतान’ म्हटले गेले. शंकराचार्यांनी त्यावर सरळ प्रश्न टाकला: काल पाहिलेले आज ओळखायचे, तर कालचा पाहणारा आज उरायला नको का? या जुन्या भांडणात एक विस्मरणात गेलेले यंत्र साक्षीला बोलावावेसे वाटते. ते म्हणजे काचेच्या प्लेटच्या कॅमेऱ्यामागे, प्लेटच्या जागी बसवायचा रोल होल्डर.

काचेची प्लेट म्हणजे क्षणिकवाद्याच्या मनातला क्षणच. सुटी, जड, शेजारणीशी काही देणेघेणे नसलेली. पण ती फुटते आणि डोंगर चढताना खांदे मोडते. म्हणून १८५४ साली इंग्लंडात मेलहुइश आणि स्पेन्सर यांनी कागदाचे संवेदनशील ताव एकमेकांना जोडून दोन रुळांवर गुंडाळायची युक्ती काढली. १८७५ च्या सुमारास वॉर्नर्केने ती सुधारली, आणि १८८५ मध्ये ईस्टमन व वॉकर यांचा होल्डर आला. त्यात कागदाची चोवीस चित्रांची पट्टी असे. निगेटिव्हमधून उजेड नीट जावा म्हणून कागदाला एरंडेल पाजावे लागे. (एरंडेलाची ही कामगिरी आपल्या आज्यांनाही सुचली नसती.) मला मात्र महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पट्टी पुरेशी सरकली हे कळावे म्हणून होल्डर आवाज करी, आणि एक चित्र कुठे संपले हे डार्करूममध्ये समजावे म्हणून पट्टीला भोके पाडी. पट्टीला स्वतःला चित्रांच्या सीमा ठाऊक नव्हत्या, त्या टोचून दाखवाव्या लागत. म्हणजे इथे अखंड आधार आधी आहे, क्षण मागाहून मोजला गेला आहे. सुट्या क्षणांपासून सुरुवात करून सातत्याला भास ठरवणारा नेमका हा क्रम उलटा धरतो.

यंत्राच्या दाखल्याने तत्त्व सिद्ध होत नाही, हे खरे. पण ज्योत आणि नदी हेही दाखलेच होते, आणि नैयायिकांनी तर उदाहरणाला अनुमानाचा अवयवच मानले. अधिक अवघड आक्षेप वेदान्त्याचा आहे. आधार मान्य केलात, मग त्यालाच आत्मा म्हणा की, असे तो म्हणेल. इथे १८५४ चे जोडलेले ताव आडवे येतात. ती पट्टी नित्य नव्हती, एकजिनसीही नव्हती. एका तावाचे टोक दुसऱ्याला घट्ट धरून होते, एवढ्यावर काम भागले. स्मृतीला सातत्य लागते हा शंकराचार्यांचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्यातून नित्यत्व निघते हे मला पटत नाही. यावर बौद्ध खूश होऊन म्हणेल, कार्यकारणाची हीच साखळी आम्ही संतान म्हणून सांगत होतो. असेल, पण मग त्याचा क्षण स्वयंपूर्ण राहत नाही. ज्याचे टोक पुढच्याला चिकटलेले आहे, त्याला निखळ सुटा म्हणता येत नाही, आणि जोड खरा असेल तर सातत्य नुसते सोयीचे नावही उरत नाही.

१८८९ मध्ये सेल्युलॉइडची पट्टी विक्रीला आली आणि त्याच वाटेने सिनेमा आला. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टप्प्याटप्प्याने टिपले. त्या फिल्मच्या कुठल्याही एका चौकटीत वाढ दिसत नाही, पण पट्टी फिरली की दिसते. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला, त्यातही हाच व्यवहार होता. दोन चौकटींच्या मधल्या काळ्या रेषेवर काहीच उमटत नाही. वेदान्ती तिथे गाढ झोपेचा दाखला देऊन विचारेल की त्या वेळी कोण जागे होते? रिळाकडे पाहिले तर तिथे कोणी जागे दिसत नाही. चित्र नसलेली पट्टी तेवढी दिसते, दोन्ही बाजूंच्या चौकटींना जोडलेली.