ललाटलेख आणि राखण

मूल जन्मल्यानंतर सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे पुढचे आयुष्य लिहून जाते, अशी महाराष्ट्रातील जुनी समजूत आहे. या लिखितालाच ललाटलेख म्हणतात. सटवाई म्हणजे षष्ठी, बालकांची अधिष्ठात्री देवता. तिच्यासाठी पाट्यावरवंट्याची पूजा मांडली जाते, कोरा कागद व लेखणी ठेवली जाते, आणि त्याच रात्री दिवा विझू न देता, बाळाच्या उशाशी विळा किंवा चाकू ठेवून, घरातील बायका जागरण करतात. जे होणार ते लिहूनच ठेवले जाणार असेल तर जागायचे कशासाठी, आणि जागल्याने काही टळत असेल तर त्या लिहिण्याला अर्थ काय, हा प्रश्न दैव आणि पुरुषकार यांच्या प्राचीन वादातलाच आहे. पुरुषकार म्हणजे माणसाने स्वतःच्या बुद्धीने व कष्टाने केलेला यत्न.

याज्ञवल्क्यस्मृतीने एका चाकावर रथ चालत नाही असा दाखला देऊन, पुरुषकारावाचून दैव फळत नाही, असा निर्णय दिला. तो प्रौढ माणसाला पुरेसा आहे. परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या वाट्याचा यत्न सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो, आणि इथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. आपल्यावर कोसळलेली आपत्ती प्रारब्ध, म्हणजे या जन्मी भोगावयास लागलेले पूर्वकर्म, मानून सोसण्यात धैर्य आहे. दुसऱ्यावर येऊ घातलेली आपत्ती त्याचे प्रारब्ध मानून पाहत राहण्यात मात्र धैर्याचा लवलेश नाही, कारण सोसणारा वेगळा आणि सोसण्याचा निर्णय घेणारा वेगळा असतो. मूल गमावलेल्या आईबापांना ‘त्याचे आयुष्य तेवढेच होते’ हे वाक्य आधार देत असेल तर तो आधार कोणी हिरावून घेऊ नये. तेच वाक्य उघड्या हौदावर झाकण न बसवण्याचे कारण म्हणून उच्चारले जाते, तेव्हा मात्र ते क्षम्य राहत नाही.

ललाटलेख मानले गेलेले किती काही माणसाच्या हातचे होते, याचे ठळक उदाहरण नवजात बालकांच्या धनुर्वाताचे आहे. अस्वच्छ हत्याराने कापलेल्या किंवा शेण-राख लावलेल्या नाळेतून शिरणारा हा रोग बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच प्रकट होतो, म्हणजे सटवाईच्या रात्रीच्या आगेमागेच. गर्भवतीला लस आणि नाळेसाठी निर्जंतुक पाते, एवढ्या साध्या उपायांच्या बळावर 2015 साली भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण.

घरातल्या रोजच्या धोक्यांचा विचारही परंपरेला परका नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात खेळण्यांविषयी सांगितले आहे की ती आवाज करणारी आणि मनोहर असावीत, जड किंवा टोकदार नसावीत, तोंडात जातील अशी नसावीत आणि मुलाला भिववणारी नसावीत. तोंडात जाणाऱ्या वस्तूचा हा निषेध आजही शब्दशः लागू आहे: शेंगदाणा किंवा फुटाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो, कारण दाढा नसल्याने मूल तो चावू शकत नाही आणि हसता-पळताना तो आत ओढला जातो. बादलीचे पाणी तर याहून फसवे आहे. नळाला पहाटे तासभर पाणी येणाऱ्या घरात न्हाणीघरातली बादली दिवसभर भरलेली असते. रांगणारे मूल काठाला धरून उभे राहते, आत वाकते, आणि शरीराच्या मानाने डोके जड असल्यामुळे तोल गेल्यावर त्याला पुन्हा सावरता येत नाही. काही सेंटिमीटर पाणीही जिवावर बेतू शकते, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाला काहीच कळत नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना पछाडणाऱ्या स्कंद, शकुनी, रेवती, पूतना इत्यादी नऊ बालग्रहांचे वर्णन आहे, आणि शौच व आचार सुटलेल्या, देव-पितर-अतिथींचा मान न राखणाऱ्या घरांत ते शिरतात असे म्हटले आहे. संकटाचे मूळ मुलात नसून मोठ्यांच्या वागण्यात शोधणारी ही दृष्टी मोलाची आहे. काश्यपसंहितेत मात्र तीच दृष्टी एकट्या बाईवर येऊन थांबते: तेथील जातहारिणी, म्हणजे जन्मलेले मूल हरण करणारी शक्ती, धर्म सोडलेल्या स्त्रीला पकडते. हा अन्याय अजून संपलेला नाही. जागरण बायकांनी करायचे आणि अपघात झाला की ‘आईचे लक्ष कुठे होते’ असेही तिलाच विचारायचे, ही रीत बापाला, आजोबांना आणि झाकण न बसवणाऱ्या घरमालकाला सहज मोकळे सोडते.

राखण किती करावी याचीही मर्यादा चरकाने घातली आहे. मूल रडत असेल, जेवत नसेल किंवा ऐकत नसेल तर राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तो स्पष्ट सांगतो. मुलाला गॅसपासून दूर ठेवण्यासाठी बागुलबुवाचे नाव घेणाऱ्या घरांना हा निषेध आजही उद्देशून आहे. अशा घरातले मूल अंधाराला भिते, पण उकळत्या दुधाच्या पातेल्याकडे हात पुढे करतच राहते.